पांढऱ्या कापडावरची कडा

मी कापडातली खोट काढणारा माणूस आहे. सुरतेत लूमवरून उतरलेला कोरा ताका, ज्याला इथे सगळे ग्रे म्हणतात, तो माझ्या टेबलावरून पुढे सरकतो. खालून ट्यूबलाइटचा उजेड असतो, आणि तुटलेला धागा, जाड झालेली पट्टी, तेलाचा थेंब, जे असेल ते मी खडूने गोल करून ठेवतो. वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला एकही ताका निर्दोष मिळाला नाही आणि एकही कारीगर असा भेटला नाही ज्याने चूक आपली म्हणून कबूल केली. धागाच खराब होता, लाइट गेली होती, शेजारच्या लूमचं तेल उडालं. ऐकून ऐकून माणसांविषयी माझं मत फार चांगलं राहिलेलं नाही, हे मी आधीच सांगून टाकतो.

तेलाचे डाग काढायला आमच्याकडे पेट्रोल वापरतात. एका हातात फवाऱ्याची छोटी बंदूक, दुसऱ्या हातात चिंधी, आणि डागावर फवारा मारून बाहेरून आत पुसत यायचं. नवशिका माणूस आतून बाहेर पुसतो आणि डाग जातो पण त्याच्याभोवती एक पिवळट कडा राहते. ती कडा नंतर रंगाईत सुद्धा जात नाही. अशी कडा ठेवणाऱ्यांना मी टेबलासमोर उभं करून सगळ्यांदेखत शिकवलं आहे. त्यांना ते शिकवणं वाटत नसे, पण तो त्यांचा प्रश्न.

या पेट्रोलाने माझं नाक खाल्लं. एकदम नाही, हळूहळू. एके दिवशी घरात डाळ करपून काळी झाली, बायको शेजारी गेलेली, आणि मी त्याच खोलीत बसून मोबाइल पाहत होतो. ती परत येऊन ओरडली तेव्हा मी वर पाहिलं. पण मी हे कोणाला सांगितलं नाही. नाक गेलं म्हणून डॉक्टरकडे जाणारा माणूस आमच्या लिंबायत भागात अजून जन्माला यायचा आहे. उलट आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे गटार आहे ते पाहता मला यात सोयच वाटत होती.

आमची गाडी जुनी आहे. पांढरी, पाच माणसांची म्हणून विकलेली आणि चार माणसांत भरणारी. मी ती वापरलेलीच घेतली, पण आमच्या अर्ध्या गल्लीत रिक्षा आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीत मोटरसायकली, त्यामुळे ती उभी राहिली की लोक अंग चोरून जातात आणि मला ते आवडतं. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी मी समोरच्या देवाला अगरबत्ती लावतो. डॅशबोर्डवर पितळी स्टँड चिकटवलेला आहे, काडेपेटी शेजारच्या खणात. काच बंद करून दोन मिनिटं बसायचं, धूर नीट फिरू द्यायचा, मग चावी. हे मी गावाकडून आणलेलं नाही, इथल्या ट्रकवाल्यांचं पाहून शिकलो. पण शिकल्यावर सोडलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात बायको म्हणाली, "गाडीमा पेट्रोलना वास ई राहिना."

आम्ही घरात अहिराणीच बोलतो. मी म्हणालो, "तुले जथं तथं वासच येस."

हे खरंच होतं. तिला शेजारणीच्या तेलाचा वास येई, दुधाचा येई, माझ्या शर्टाचा येई, आणि माझा शर्ट म्हणजे पेट्रोलच. तेव्हा मला वाटलं, हिला माझाच वास येतोय आणि ही तो गाडीवर ढकलतेय. मी हसलो. तिने दोनदा सांगितलं, चारदा सांगितलं, मग सांगणं बंद केलं. ती गप्प बसली की मला मी जिंकलो असं वाटतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी माझी ही समजूत गेली नव्हती.

त्याच सुमारास गाडीतली काडेपेटी नाहीशी व्हायला लागली. सकाळी नवी ठेवावी, दुसऱ्या दिवशी खण रिकामा. मी तिला विचारलं तर ती म्हणे, घरात लागली. घरात गॅसला लायटर आहे. तरीही मी खोलात गेलो नाही, कारण माझ्या मते तिला देवाची पर्वाच नव्हती, म्हणून ती देवाचीच पेटी उचलायची. मी तसं तिला तोंडावर बोललोही. देवाचं नाव काढलं की तुझ्या हातापायाला मुंग्या येतात, असं. ती पीठ मळत होती, मळत राहिली. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पुन्हा एक पेटी आणली.

आता खरी गोष्ट. आमची एकुलती एक मुलगी नंदुरबारला दिलेली. तिला आठवा महिना लागत होता, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं होतं, म्हणजे तिला सुरतेला आणायचं होतं. रविवारी ओटी भरून दुपारी निघायचं, असं व्याह्यांनी कळवलं. बायकोचं म्हणणं, ट्रेनने आणू. मी म्हणालो, मुळीच नाही. लग्नात याच व्याह्याने चारचौघांत मला विचारलं होतं, सुरतेला एवढी वर्षं राहून काय केलं? तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आता दारात उभं होतं. मुलीला मागच्या सीटवर उशी लावून आडवं करायचं आणि व्याह्याच्या ओट्यावरून गाडी वळवून न्यायची, हे चित्र मी महिनाभर पाहत होतो. यात मुलीपेक्षा व्याही मोठा दिसत होता हे आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

बायको म्हणाली, "मी त्या गाडीमा बसाव नही, आन् पोरले बी बसू देवाव नही."

"का?"

"वास."

मुलगी पोटुशी, मागच्या सीटवर चार तास, आणि मागच्याच सीटवर वास जास्त येतो, असं तिने एकदाच, नीट, भांडण न करता सांगितलं. भांडली असती तर मी ऐकलं नसतं. ती भांडली नाही म्हणूनही मी ऐकलं नाही. मी ठरवलं की हिच्या नाकाचा एकदा निकाल लावायचा.

पहिल्यांदा गाडी पर्वत पाटियाच्या एका गॅरेजात नेली. गॅरेज म्हणजे एक शटर, दोन जॅक आणि भिंतीवर देवांपेक्षा टायरच्या कंपन्यांची कॅलेंडरं जास्त. मेकॅनिक माझ्या निम्म्या वयाचा. त्याने गाडी बंद केली, चावी काढली, मग वाकून खाली पाहिलं. एवढंच. मी चेकर आहे, वाकण्यावरून मला माणूस कळतो. हा माणूस पाहायला वाकला नव्हता, वाकलेला दिसायला वाकला होता. उठून गुडघे झटकत म्हणाला, "काका, टंकी का ढक्कन ढीला है, और कुछ नहीं." त्याने नवं झाकण बसवलं आणि फार मोठं ऑपरेशन केल्यासारखा हात पुसत राहिला. मला खरं म्हणजे आनंद झाला. वास होता तरी झाकणाचा होता, नव्हता तरी माझं खरं होतं. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, झालं समाधान?

ती मागचं दार उघडून उभी राहिली, मान आत घातली, बाहेर काढली आणि घरात निघून गेली.

मग तिचा भाऊ आला. माझा मेहुणा रिक्षा चालवतो आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे इलाज असतो. त्याची स्वतःची रिक्षा मात्र आठवड्यातून एक दिवस दुसऱ्याच्या रिक्षाला दोरी बांधून घरी येते. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारली आणि निदान केलं. "दाजी, टाकीले साबण घसा. मनी रिक्षानी टाकी साबणवरच चाली राहिनी." अंगाचा साबण ओला करून टाकीच्या जोडावर घासला की बारीक भोक बुजतं, पेट्रोलात साबण विरघळत नाही, हे खरं आहे, नाही असं नाही. पण भोक कुठे आहे हे न पाहता साबण घासणारी ही जमात. घासायचं, बोट पुसायचं आणि चहा मागायचा. त्याने अख्खी लाल वडी माझ्या टाकीला खर्ची घातली. त्यात मी त्याला टॉर्च धरून मदत केली, हे मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत पाण्याची लाइन फुटली होती. मी त्या पाण्यातून गाडी काढली आणि मागे फेस आला. पांढरा, भरपूर, लग्नातल्या मशीनमधून सोडतात तसा. ओट्यावरच्या बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या. मी काच वर केली आणि सरळ पुढे पाहत गेलो. त्या सकाळी खणात काडेपेटी नव्हती हेही मला आठवतं, कारण त्या हसण्याचा राग मी बायकोवर काढला होता. संध्याकाळी नवी आणली.

शुक्रवारी आमच्या खात्याची, इथे लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात, लाइट बंद असते, म्हणजे सुट्टी. रविवार दोन दिवसांवर आला होता. बायकोने ट्रेनची वेळ कोणाकडून तरी लिहून आणली होती आणि तो कागद फ्रिजवर लावला होता. मी तो पाहिला आणि ठरवलं, बस. आता दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. या शहरात तपासणं म्हणजे काय ते फक्त मला कळतं, आणि हिच्या नाकात काही तथ्य नाही हे मी हिला माझ्या पद्धतीने दाखवणार.

माझी पद्धत म्हणजे कापड. मी खात्यातून कोऱ्या ग्रेचा एक मोठा तुकडा आणला होता, कडा फाटलेला, नाकारलेला माल. गाडी सपाट जागेवर घेतली, तुकडा खाली सरकवून चारी बाजूंनी ताणला, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. चारी चाकं जिथे होती तिथे कापडावर खडूने खुणा केल्या. म्हणजे डाग पडला तर तो गाडीच्या कुठल्या भागाखाली पडला हे नंतर बोट ठेवून सांगता येईल. त्या मेकॅनिकने गाडी बंद करून पाहिलं होतं. लूम बंद ठेवून कापडातली खोट शोधण्यासारखंच हे. मी गाडी सुरू केली, बाहेर आलो आणि दहा मिनिटं उभा राहिलो. दोन शेजारी येऊन उभे राहिले. एकाने विचारलं, गाडीला अंथरूण घातलं का? मी उत्तर दिलं नाही. त्याला मी एरवीही उत्तर देत नाही.

गाडी बंद करून, ढकलून पुढे घेतली आणि कापडाकडे पाहिलं.

पुढच्या बाजूला इंजिनखाली तेलाचा एक काळा ठिपका, तो प्रत्येक जुन्या गाडीचा असतो. मधे काही नाही. मागे उजव्या चाकाच्या खुणेपासून वीतभर आत एक गोल होता. आत कोरडा, स्वच्छ, अगदी बाकीच्या कापडासारखा. आणि त्याच्याभोवती बारीक पिवळट कडा. बाजूला दुसरा तसाच, पहिल्याला थोडा खेटून.

ही कडा मी वीस वर्षं पाहतोय. हिच्यासाठी मी माणसांना टेबलासमोर उभं केलं आहे. पेट्रोल पडतं, उडून जातं आणि जाताना सगळी घाण कडेला ढकलून ठेवतं. दुसऱ्या कशाचीच अशी कडा पडत नाही. मी वाकून त्या गोलाला नाक लावलं, अगदी कापडाला टेकवलं. मला काहीच आलं नाही. ना पेट्रोल, ना धूळ, ना कापड. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की माझ्याकडे नाक नाही. आजवर ते फक्त माहीत होतं.

बायको दारात उभी होती. तिला सगळं दिसत होतं.

मी बॅटरीची तार काढली, मागची उजवी बाजू जॅकवर उचलली, खाली लूमचा जुना लाकडी ओंडका आडवा ठेवला, कारण जॅकवर विश्वास ठेवणारी माणसं मी पाहिलेली आहेत. मग टॉर्च घेऊन पाठीवर आत सरकलो. गाडीत दोन पाइप असतात. एक टाकीतून इंजिनला पेट्रोल नेतो, दुसरा उरलेलं परत टाकीत आणतो. गाडी सुरू असली की तो परतीचा पाइप वाहतो, बंद असली की गप्प. मी परतीच्या पाइपवर टॉर्च धरला. टाकीजवळ जिथे लोखंडी नळी संपते तिथे बोटभर लांबीचा एक तुकडा जोडलेला होता. तो मूळचा काळा रबरी नव्हता. तो पारदर्शक होता, म्हणजे कधी काळी पारदर्शक होता. आता पिवळा पडला होता, हाडासारखा कडक, आणि क्लिपच्या तोंडाशी त्याला केसाएवढी चीर गेली होती. मी पाहत असतानाच चिरेवर एक थेंब जमला.

हा तुकडा कोणी बसवला हे मला विचारावं लागलं नाही. मीच बसवला होता.

दोन वर्षांपूर्वी मूळ रबर फुटलं तेव्हा एका गॅरेजवाल्याने सांगितलं होतं की पेट्रोलचा पाइप वेगळा येतो, दोन दिवस लागतील. मी त्याला हसलो होतो. पाइप तो पाइप. आमच्या शेजारच्या खात्यात वॉटरजेट मशीन आहेत, ज्यांत धागा पाण्याच्या फवाऱ्यावर जातो, आणि तिथे या पारदर्शक नळीची भेंडोळी पडलेली असतात. मी एक तुकडा कापून आणला, अर्ध्या तासात बसवला आणि महिनाभर सांगत फिरलो की त्या गॅरेजवाल्याला मी कसा धडा शिकवला. खात्याच्या शेठलाही सांगितलं, मेहुण्याला तर दोनदा सांगितलं. पाण्यासाठी केलेली नळी पेट्रोलात हळूहळू कडक होते, आकसते आणि तडकते, हे त्या गॅरेजवाल्याला माहीत होतं. मला नव्हतं. तो दोन दिवस मागत होता ते यासाठी. खोट माझी होती, आणि मी ती इतके दिवस जगभर शोधत होतो.

मी तसाच पाठीवर पडून राहिलो. वर टाकीला मेहुण्याचा लाल साबण अजून चिकटलेला होता. माझ्या टेबलासमोर उभे राहून धागाच खराब होता म्हणणारे सगळे कारीगर मला आठवले, आणि त्यांच्यापेक्षा मी कुठे बरा होतो ते सापडेना.

तडकलेला तुकडा काढून, दोन्ही तोंडं बुजवून, हात धुऊन मी कतारगामला स्पेअर पार्टच्या एका दुकानात गेलो, मेहुण्याच्या रिक्षातून. दुकानदाराने तो पिवळा तुकडा दोन बोटांत धरला, वाकवायचा प्रयत्न केला, तो काडकन मोडला. "काका, आ तो पाणीनी पाइप छे. पेट्रोलमां कोणे नाखी?"

मी म्हणालो, "गेरेजवाळाए."

"एवा माणसने तो गाडीने हाथ पण न लगाडवा देवाय."

मी मान हलवली. अशा माणसाला गाडीला हातही लावू देऊ नये, खरं आहे, म्हणालो. मेहुणा बाजूला उभा होता. त्याला ती नळी चांगली आठवत होती, मीच दोनदा सांगितलेलं. माझ्याकडे पाहून त्याने तोंड उघडलं, आणि मग का कोण जाणे, मिटलं. आयुष्यभर ज्याला मी मूर्ख समजत आलो त्याने त्या दुकानात माझी लाज राखली. मला ते फार जड गेलं. परतताना त्याच्या रिक्षात मी एकही खोट काढली नाही, आणि त्या रिक्षात काढण्यासारखं पुष्कळ होतं.

नवा पाइप काळा, जाड, आतून दुहेरी, बाहेर पेट्रोलसाठीच असं छापलेला. मी तो मापाने कापला, जरा लांबच ठेवला, ताण बसू नये म्हणून. लोखंडी नळीची तोंडं पुसली, गंज खरवडला, पाइप दोन्ही बाजूंनी पूर्ण आत ढकलला, नव्या क्लिपा लावल्या. क्लिप आवळताना मी माझ्या नेहमीच्या जोराने आवळली नाही. पाइप दबेल पण कापला जाणार नाही एवढीच. मग साबण खरवडून काढला, सगळं पुसलं, ओंडका काढला, जॅक उतरवला, बॅटरीची तार जोडली. दारं उघडी ठेवून गाडीला तासभर वारा लागू दिला.

पुन्हा कापड, यावेळी दुसऱ्या टोकाने, कोरं. पुन्हा खडू, पुन्हा विटा. पंधरा मिनिटं गाडी सुरू ठेवली. कापड पाहिलं. पुढे तेलाचा ठिपका, मागे काही नाही. बोट फिरवलं, तळहात फिरवला. ताका असता तर मी त्यावर पासचा शिक्का मारला असता.

पण ताक्यावर कोणी मुलगी बसवून नेत नाही. कापड सांगतं ते खाली पडलेलं, वर गाडीच्या आत काय भरून राहतं ते कापडाला कळत नाही. आणि ते कळणारं जे यंत्र माझ्या चेहऱ्यावर असायला हवं ते मी डाग काढण्यात घालवलं होतं. मी दारापाशी गेलो. बायको तांदूळ निवडत बसली होती. पंचवीस वर्षांत मी तिला पुष्कळ कामं सांगितली, विचारलं मात्र क्वचित. शेवटी म्हणालो, "जरा देख ना, वास येस का?" आणि मग, कारण नुसतं तेवढं पुरेसं नव्हतं, "मले नही समजस. मनं नाक गयं."

तिने ताट बाजूला ठेवलं. गाडीभोवती फिरली. मागच्या उजव्या चाकाशी खाली बसली, ओळखीच्या ठिकाणी बसतात तशी, विचारल्याशिवाय. मग मागची सीट उचलून खाली मान घातली. दारं बंद करून आत बसली, काचा वर. मी बाहेर उभा होतो आणि मला भीती वाटत होती, हे सरळ सांगतो. तिने होय म्हटलं तर काय, याची नाही. तिने आत्तापर्यंत किती वेळा असं बसून पाहिलं असेल, याची.

ती बाहेर आली. "आते नही येस."

पदराला हात पुसून तिने फोन लावला. मुलीला म्हणाली, "गाडीमाच ई राहिनूत. उशी काढी ठेव." फ्रिजवरचा ट्रेनचा कागद तिने काढला नाही, पण तो मी काढणार होतोच. मग ती आत गेली आणि पिठाचा डबा घेऊन आली. डब्यात पिठाखाली प्लास्टिकची पिशवी होती. तिने ती बॉनेटवर उपडी केली.

काडेपेट्या. माझ्या. मी आणलेल्या सगळ्या. मी विसरलो होतो की मी इतक्या आणल्या. कामच ते, म्हणून माझी नजर आपोआप त्यांच्यावरून फिरली. प्रत्येक पेटी भरलेली, जवळजवळ नवी. आणि प्रत्येक पेटीच्या पट्टीवर एकच ओरखडा.

म्हणजे जितक्या पेट्या तितक्या सकाळी मी बंद काचांत बसून काडी ओढली होती, आणि मागे तो पिवळा तुकडा गळत होता. आणि प्रत्येक सकाळी ही दारात उभी होती. मी कामावरून येऊन गाडी लावली की ती पेटी उचलून आणत होती, दुसऱ्या दिवशी मी तिला देवाचं वावडं आहे म्हणत होतो, आणि नवी आणत होतो. सांगून झालं होतं तिचं. सांगून उपयोग नव्हता म्हणून तिने फक्त काडी काढून घ्यायचं ठेवलं होतं.

"आते लावा," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी एक पेटी उचलली. पट्टीवरच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला. मी ती तशीच खाली ठेवली.